पोटातला जुना जोड

आजोबांच्या पोटावर छातीच्या हाडाखालून थेट बेंबीपर्यंत उतरलेला एक उभा वण असतो. नातवंडं विचारतात, ‘आजोबा, हे काय झालं होतं?’ आजोबा म्हणतात, ‘अल्सर होता. आणीबाणीच्या आधी ऑपरेशन झालं. तेव्हापासून झकास!’ विषय तिथंच संपतो. त्या वणाच्या आत डॉक्टरांनी नेमकं काय केलं होतं, हे घरात कुणालाच ठाऊक नसतं. बऱ्याचदा खुद्द आजोबांनाही नसतं. व्रण कापून काढला असेल, असा सगळ्यांचा समज. प्रत्यक्षात त्या काळच्या अशा कित्येक ऑपरेशनांत व्रणाला हातही लावलेला नसायचा. जठराला बाजूनं एक नवं दार पाडायचं, लहान आतड्याचा एक पदर वर ओढायचा आणि तो त्या दाराला शिवून टाकायचा. अन्नाला नवी वाट मिळाली, की जुन्या वाटेवरच्या व्रणाचा जाच आपोआप कमी होई.

हा जोड चाळीस-पन्नास वर्षं मुकाट काम करतो. बहुतेकांच्या बाबतीत शेवटपर्यंत करतो. पण काहींचा जोड म्हातारपणी कुरकुरायला लागतो. नेमके तेव्हा आजोबा असतात बेंगळुरूला, मुलाच्या फ्लॅटवर आणि ऑपरेशनचं कार्ड असतं गावाकडच्या माळ्यावर, पत्र्याच्या ट्रंकेत. सोलापूर, सांगली, बेळगावकडची किती तरी मुलं आज नोकरीनिमित्त बेंगळुरूत आहेत. शहाजीराजांच्या काळापासून तिथं मुरलेली मराठी घरंही काही कमी नाहीत. या शहरातल्या डॉक्टरांना असा जुना जोड पाहण्याची सवय आहे. कारण दक्षिण भारत हा अल्सरचा जुना पट्टा. १९०० साली सुरू झालेलं सिटी मार्केटजवळचं व्हिक्टोरिया हॉस्पिटल किंवा शिवाजीनगरातलं बोरिंग हॉस्पिटल, अशा मोठ्या सरकारी हॉस्पिटलांत एके काळी अल्सरचं ऑपरेशन हा सर्जनचा रोजचा घास होता.

मुळात हा जोड लागायचा कशाला?

जठर म्हणजे अन्न घुसळणारी पिशवी. तिच्या खालच्या तोंडाशी पायलोरस नावाचा स्नायूचा वळसा असतो. हा मोठा शिस्तीचा पहारेकरी. अन्न नीट घुसळलं गेल्याशिवाय तो ते पुढे सोडत नाही आणि सोडलं तरी थोडं थोडंच. पायलोरस ओलांडला, की लहान आतड्याचा पहिला वीतभर भाग लागतो. तो ड्युओडेनम. यकृताकडचं पित्त आणि स्वादुपिंडाचा पाचक रस तिथं येऊन मिळतो आणि जठरातल्या तिखट आम्लाची धार बोथट होते. अल्सर होतो तो बहुधा याच उंबरठ्यावर. व्रण होतो, भरतो, पुन्हा होतो. दर वेळी तिथली जागा थोडी आकसते. वर्षानुवर्षं हे चाललं, की वाट बुजत जाते. सकाळी खाल्लेलं रात्री, काल खाल्लेलं आज उलटून पडायला लागतं. कूस बदलली तरी पोटात पाणी डचमळल्याचा आवाज येतो. माणूस वाळून काडी होतो.

सिल्क बोर्डच्या चौकात तासन्‌तास अडकून पडलेल्या बेंगळुरूकराला पुढचं वेगळं समजवायला नको. चौक तुंबला, की बाजूनं वळणरस्ता काढायचा! ड्युओडेनमच्या पुढचा आतड्याचा भाग म्हणजे जेजुनम. तो वर आणून जठराला जोडायचा. या ऑपरेशनचं लांबलचक नाव गॅस्ट्रोजेजुनोस्टॉमी. डॉक्टरांच्या बोलण्यात नुसतं ‘जीजे’.

पहिला जीजे झाला तो व्हिएन्नात, २८ सप्टेंबर १८८१ रोजी. थिओडोर बिलरोथ या नामवंत सर्जनचा साहाय्यक अँटन व्योल्फलर यानं जठराच्या तोंडाशी कॅन्सरची गाठ असलेल्या रुग्णाचं पोट उघडलं. गाठ काढता येण्यासारखी नव्हती. पोट तसंच शिवून टाकायच्या बेतात तो असताना शेजारी उभ्या असलेल्या निकोलादोनी या सहकाऱ्यानं सुचवलं, निदान आतडं जठराला जोडून तरी बघू. रुग्ण त्या ऑपरेशनमधून सावरला आणि खाऊ-पिऊ लागला. कॅन्सरच्या रुग्णाला चार घास गिळता यावेत म्हणून ऐन वेळी सुचलेली ही युक्ती पुढे अल्सरवरचा जगभरचा इलाज झाली.

दक्षिण भारतात हा इलाज रुजवणाऱ्यांत एक नाव असं आहे, की ते वाचून गिर्यारोहकांचे कान टवकारतील. थिओडोर हॉवर्ड सॉमरवेल. १९२२ आणि १९२४ या दोन्ही वर्षांच्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमांत हा सर्जन होता. दुसऱ्या खेपेला प्राणवायूच्या नळकांड्याविना तो सुमारे २८ हजार फुटांपर्यंत चढला आणि घशाच्या दुखण्यानं परत फिरला. त्याच मोहिमेत शिखराकडे गेलेला मॅलरी परतला नाही. मॅलरीजवळ होता तो कॅमेराही सॉमरवेलचाच, असं सांगतात. पहिल्या मोहिमेनंतर हा गडी हिंदुस्थान बघायला म्हणून दक्षिणेत उतरला, तर तेव्हाच्या त्रावणकोरमधल्या नेय्यूरच्या मिशन हॉस्पिटलात रुग्णांची रांग आणि तिला पुरा न पडणारा डॉक्टर! लंडनमधली चालून आलेली कारकीर्द सोडून तो नेय्यूरला येऊन राहिला. पुढची कित्येक वर्षं त्यानं तिथं अल्सरची ऑपरेशनं केली. १९४८ मध्ये जठर आणि ड्युओडेनमच्या शस्त्रक्रियेवर त्याचं पुस्तक निघालं. त्यानंतर तो वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकवायला गेला.

एका बाजूला हा जोड भराभर लावला जात होता, पण त्याची खोड युरोपात आधीच उमगली होती. ड्युओडेनमला आम्लाचा मारा झेलायची सवय असते, पुढच्या जेजुनमला ती नसते. जठर थेट जेजुनमला जोडलं, की सगळं आम्ल त्या नाजूक भिंतीवर आदळतं. ब्राउन या जर्मन सर्जननं १८९९ मध्येच जोडावर झालेल्या नव्या व्रणाची नोंद केली होती. म्हणजे एक अल्सर चुकवायला गेलेला माणूस दुसरा घेऊन परत यायचा! यावर तोड निघाली ती १९४३ मध्ये शिकागोत. लेस्टर ड्रॅगस्टेड यानं जठराला आम्ल सोडायचा हुकूम देणारे व्हेगस नावाचे मज्जातंतूच कापायला सुरुवात केली. हुकूम बंद, आम्ल कमी. पण त्याच मज्जातंतूंवर जठराचं घुसळणं आणि रिकामं होणंही अवलंबून असतं. मग अन्न तुंबू नये म्हणून जोड हवाच. व्हेगस कापायचा आणि जीजे करायचा, ही जोडगोळी पुढे आपल्याकडे तीस-चाळीस वर्षं चालली. आज सत्तरी-ऐंशीत असलेल्यांच्या पोटात बहुधा हीच असते.

बेंगळुरूहून दीडशे किलोमीटरच्या आत असलेल्या म्हैसूरमध्ये याच विषयावर फार चिकाटीचं काम झालं. तिथल्या होल्ड्सवर्थ मेमोरियल हॉस्पिटलात, गावकऱ्यांच्या भाषेत मिशन हॉस्पिटलात, १९५० आणि ६० च्या दशकांत फ्रँक टोवी हे इंग्रज सर्जन होते. नुसती ऑपरेशनं करून ते थांबले नाहीत. कुठल्या पद्धतीच्या ऑपरेशनानंतर रुग्ण किती सुखी राहतो, याची तुलना त्यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केली. मग त्यांना दुसरंच कोडं पडलं. हा आजार दक्षिणेत एवढा आणि पंजाब-राजस्थानकडे इतका कमी का? देशभरातली माहिती गोळा करून १९७९ मध्ये ‘गट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी भारत आणि बांगलादेशातल्या अल्सरचा नकाशाच मांडला. भात खाणाऱ्या मुलखात अल्सर जास्त, न चाळलेल्या कणकेची पोळी आणि डाळी खाणाऱ्या मुलखात कमी, असं त्यांचं निरीक्षण होतं. पुढे अल्सरच्या मागे एक जंतू असतो हे सिद्ध झालं. पण तो जंतू तर उत्तरेतही तितकाच सापडतो! तेव्हा आहाराचा प्रश्न निकालात निघाला नाही, हे टोवी निवृत्तीनंतरही मांडत राहिले. त्यांच्या गटानं उंदरांवर केलेल्या प्रयोगांत कुळथातल्या स्निग्ध अंशानं जठराचं रक्षण होतं असं आढळलं. कोकणी घरातल्या कुळथाच्या पिठीला यामुळे उगाच मिशा फुटायला नकोत. प्रयोग उंदरांवरचे होते आणि पिठी हे काही अल्सरचं औषध नव्हे.

अल्सरच्या ऑपरेशनांचा जमाना ओसरला तो गोळ्यांनी. आम्ल कमी करणारी सिमेटिडिन ही गोळी १९७६ मध्ये ब्रिटनच्या बाजारात आली. ती घडवणाऱ्या जेम्स ब्लॅक यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. त्याच सुमाराला आणखी जोरकस असं ओमेप्राझोल आलं. तिकडे ऑस्ट्रेलियात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ मध्ये जठरातला एक वाकडा जंतू प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. तो हेलिकोबॅक्टर पायलोरी. जठरातल्या आम्लात जंतू जगतोच कसा, म्हणून लोक हसत होते. १९८४ मध्ये मार्शलनं त्या जंतूंचं पाणी स्वतःच पिऊन जठराला सूज आणून दाखवली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. आज अल्सर म्हटला, की दहा-चौदा दिवसांच्या प्रतिजैविकांच्या आणि आम्लरोधक गोळ्यांच्या कोर्सनं तो बहुधा बरा होतो. वाट बुजली, व्रण फुटला किंवा रक्त थांबत नसलं, तरच सुरी.

रोग असा सरला, पण जोड मात्र माणसांच्या पोटात तसाच राहिला आणि तो जोडणाऱ्या सर्जनांची पिढी निवृत्त झाली. अडचण आहे ती इथं.

जोड बिघडला हे ओळखायचं कसं? एकच एक खूण नाही. सर्वांत नेहमीचा त्रास पित्ताचा. पायलोरसचा पहारा उरला नाही, की आतड्यातलं हिरवं-पिवळं पित्त उलटं जठरात शिरतं. पोटाच्या वरच्या भागात सतत जळतं, तोंड कडू होतं आणि आम्लाच्या गोळ्यांनी म्हणावा तसा फरक पडत नाही. कारण ही जळजळ आम्लाची नसतेच, पित्ताची असते. घरात मात्र ‘अ‍ॅसिडिटी झाली’ म्हणून वर्षानुवर्षं गोळ्यांवर गोळ्या चालू राहतात. दुसरा प्रकार जरा विचित्र. जोडाकडे पित्त आणणारी आतड्याची बाजू दुमडली किंवा आवळली गेली, तर जेवणानंतर तिच्यात पित्त साठत जातं. पोट तटतटून दुखतं आणि मग अचानक पित्ताची जोरदार उलटी होते. उलटीत अन्नाचा कण नसतो, नुसतं पित्त आणि ती झाल्याबरोबर दुखणं थांबतं. ही एवढी गोष्ट रुग्णानं नीट सांगितली, तर अनुभवी सर्जनचं निम्मं निदान तिथंच होतं.

जोडावरचा अल्सर जेवणानंतर दुखतो, कधी न दुखता थेट रक्तस्राव करतो. शौचाला डांबरासारखं काळं होतं. अशा वेळी ‘काल कारल्याची भाजी खाल्ली होती’ असली कारणं शोधत बसू नये. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठावं. गुडघेदुखीवरच्या डायक्लोफिनॅक किंवा इबुप्रोफेनसारख्या गोळ्या, अ‍ॅस्पिरिन आणि विडी-सिगारेट हे या अल्सरचे नेहमीचे पाठीराखे. अ‍ॅस्पिरिन हृदयासाठी चालू असेल, तर ते मनानं बंद करायचं नाही. हार्टच्या आणि पोटाच्या डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून ठरवायचं.

हा अल्सर दुर्लक्षित राहून पोखरत गेला, तर जवळूनच जाणाऱ्या मोठ्या आतड्याला भोक पाडतो. मग जठर, लहान आतडं आणि मोठं आतडं यांची एकच वाट होते. रुग्णाला जेवल्याबरोबर जुलाब लागतात. त्याच्या ढेकरेला आणि श्वासाला विष्ठेचा वास येतो. बघता बघता तो खंगतो. अशी माणसं आता क्वचित दिसतात, पण दिसतात. लाजेपायी ती आपलं दुखणं घरातही सांगत नाहीत.

मग ते ‘डम्पिंग’. पहारेकरी नसल्यानं जेवण एकदम आतड्यात धबाडकन कोसळतं. जेवून उठल्यावर पंधरा मिनिटांत घाम, धडधड, पोटात कळ, आडवं पडावंसं वाटणं. काहींना दीड-दोन तासांनी रक्तातली साखर एकदम उतरून थरथर सुटते. गोडावर हे हमखास होतं. बेंगळुरूच्या दर्शिनीत न्याहारीला मिळणारा केसरीभात म्हणजे आपला शिरा. तो आणि वर गोड कॉफी घेतली, की असा माणूस टेबलाशीच गळपटतो. यावर सुरी जवळपास कधीच लागत नाही. थोडं थोडं, पाच-सहा वेळा खायचं. जेवताना पाणी न पिता अर्ध्या तासानं प्यायचं. साखर कमी, डाळी-अंडी-पनीर जास्त. जेवणानंतर थोडं लवंडायचं. बहुतेकांना एवढ्यानं पुरतं.

एक नुकसान मात्र बिनआवाजी असतं. लोह आणि कॅल्शियम शोषलं जातं ते मुख्यतः ड्युओडेनममध्ये आणि अन्न तर आता तिथून जातच नाही. जठराचा मोठा भाग काढलेला असेल, तर बी-१२ जीवनसत्त्वही कमी पडतं. आजी-आजोबा फिकट पडतात, जिना चढताना धाप लागते, पायाला मुंग्या येतात, विसरभोळेपणा वाढतो. ‘वय झालं’ असं म्हणून आपण सोडून देतो. दर वर्षी हिमोग्लोबिन, लोह आणि बी-१२ तपासून कमतरता इंजेक्शनानं किंवा गोळीनं भरून काढणं, हे दुसऱ्या ऑपरेशनच्या मानानं किती स्वस्त! जठराचा तुकडा काढून जोड केला असेल, तर पंधरा-वीस वर्षांनंतर उरलेल्या जठरात कॅन्सरची शक्यता थोडी वाढते. म्हणून नव्यानं भूक मेली, वजन उतरलं, तर एंडोस्कोपी टाळू नये.

दुसरं ऑपरेशन कधी? याचं प्रामाणिक उत्तर, शक्यतो नाही. आधी बाकीचं सगळं करून पाहायचं. जंतू असेल तर तो मारायचा. वेदनाशामक गोळ्या आणि तंबाखू थांबवायची. आम्लरोधक औषध पुरेशा मात्रेत, पुरेशा मुदतीचं द्यायचं. एवढं करूनही जोडावरचा व्रण भरला नाही, तर सर्जन एका वेगळ्याच चोराच्या मागे लागतात. काही थोड्या लोकांत स्वादुपिंडात किंवा ड्युओडेनममध्ये गॅस्ट्रिन हे संप्रेरक सोडणारी गाठ असते. तिच्यापायी जठर आम्लाचा पूर लोटतं. रक्तातलं गॅस्ट्रिन न पाहता जोड बदलला, तर नवा जोडही सडणार. पहिल्या वेळी व्हेगसची एखादी फांदी कापायची राहून गेली असेल, तीही शोधावी लागते. जोड नुसता आकसला असेल, तर एंडोस्कोपीतून फुगा घालून तो रुंद करता येतो. पोट उघडावं लागत नाही.

यातून उरतात त्यांच्यासाठी सुरी. सर्वांत साधा आणि ऐकायला गंमतीचा उपाय म्हणजे जोड सोडवणं. आतडं जठरापासून सुटं करायचं, दोन्हीकडची भोकं शिवायची आणि देवानं दिलेली वाट पुन्हा चालू करायची. पित्ताचा आणि डम्पिंगचा हट्टी त्रास असलेल्या निवडक रुग्णांना यानं मोठा आराम पडतो. अट एकच. जुनी वाट खरोखर उघडी हवी. ती जुन्या व्रणानं आवळलेली असेल, तर पायलोरस उभा कापून आडवा शिवायचा आणि तोंड रुंद करायचं. हे तपासल्याशिवाय जोड काढला, तर पन्नास वर्षांपूर्वीची उलटी पुन्हा सुरू!

दुसरा उपाय स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या सेझार रू यांच्या नावानं ओळखला जातो. आतडं कापून इंग्रजी वाय अक्षरासारखी मांडणी करायची. एका फाट्यानं अन्न येतं, दुसऱ्यानं पित्त. दोघांची गाठ जठरापासून ४५ ते ६० सेंटिमीटर खाली पडते, त्यामुळे पित्ताला उलटं वर चढता येत नाही. काम चोख, पण फुकट नाही. वळवलेल्या फाट्यात काहींचं अन्न रेंगाळतं आणि दोन घासांत पोट भरल्यासारखं वाटतं. शिवाय जोडावर आता पित्ताची अल्कली येत नाही, म्हणून आम्ल आटोक्यात असावंच लागतं. एक दुखणं देऊन दुसरं घेण्याचा हा सौदा आहे. सर्जनशी बसून तो आधीच नीट समजून घ्यावा.

दुसऱ्यांदा पोट उघडणं पहिल्यासारखं नसतं. जुन्या जखमेमुळे आतडी एकमेकांना, यकृताला, पोटाच्या भिंतीला चिकटलेली असतात. ती सोडवण्यातच निम्मा वेळ जातो आणि त्यात आतड्याला इजा व्हायची भीती असते. म्हणून घाई नसेल तेव्हा आधी रुग्णाची ताकद भरून काढतात. हिमोग्लोबिन, प्रथिनं, वजन. मोठ्या आतड्यापर्यंत वाट फुटलेल्या रुग्णांना पूर्वी दोन-तीन टप्प्यांत ऑपरेशनं करावी लागत. आता शिरेतून पोषण देऊन त्यांना आधी उभं करतात आणि बहुधा एकाच वेळी सगळं उरकतात.

इथं घरच्यांनी लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट आहे. रुग्ण कित्येक आठवडे उलट्या करत असेल, तर ‘आधी एक ग्लुकोजची बाटली लावा हो’ असा आग्रह धरू नये. अशा शरीरात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, संपत आलेलं असतं. थायमिन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं, तर उरलंसुरलं तेही खर्च होतं. डोळे तिरळे होणं, तोल जाणं, भ्रम होणं असा मेंदूचा कायमचा घात होऊ शकतो. थायमिनचं इंजेक्शन आधी, ग्लुकोज मागून. कितव्या दिवसापासून उलट्या आहेत, हे डॉक्टरांना नेमकं सांगायचं ते याचसाठी.

आणि हा विषय आता आजोबांपुरता उरलेला नाही. वजन उतरवण्यासाठी होणारं बायपास ऑपरेशन म्हणजे वेगळ्या कारणासाठी केलेला तोच जठर-आतड्याचा जोड. अमेरिकेत आयोवाच्या एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये त्याची सुरुवात केली. बेंगळुरू, मुंबई, पुण्याच्या हॉस्पिटलांत आज तो दुर्बिणीतून होतो. रुग्ण तिशी-चाळिशीतले असतात आणि त्यांत बायका पुष्कळ. पोटावर दिसतात फक्त चार-पाच बारीक ठिपके. त्यामुळे पुढे कुणाला शंकाही येत नाही. यातल्या एकाच जोडाच्या, ‘मिनी’ म्हणवल्या जाणाऱ्या प्रकारात काहींना पित्ताचा जुनाच त्रास होतो आणि मग रू यांच्या वायची वाट धरावी लागते. सिगारेट आणि वेदनाशामक गोळ्या या जोडालाही तितक्याच बाधतात.

बायपास झालेल्या बाईच्या पोटात अचानक, अंतराअंतरानं पिळवटून कळा येऊ लागल्या, तर ते गॅस म्हणून घरी ओवा खाण्याचं काम नव्हे. नव्या मांडणीत राहिलेल्या फटीतून आतडं घुसून पिळलं जाऊ शकतं आणि काही तासांत काळं पडू शकतं. गरोदरपणात गर्भाशय वाढतं तशी आतडी सरकतात, तेव्हा हा धोका जास्त. कळा पोटाच्या वरच्या बाजूला असतील, तर प्रसूतितज्ज्ञांना बायपासचं आवर्जून सांगावं. ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष दिवस राहू देऊ नयेत असं सर्जन सांगतात, तेही वजन आणि जीवनसत्त्वं स्थिरावावीत म्हणून.

तेव्हा या सुट्टीत माळ्यावरची ती ट्रंक एकदा खाली काढायला हरकत नाही. पिवळ्या पडलेल्या डिस्चार्ज कार्डावर ‘टीव्ही अँड जीजे’ असं खरडलेलं सापडलं, तर त्याचा दूरदर्शनशी काही संबंध नाही. टीव्ही म्हणजे ट्रंकल व्हेगोटॉमी, व्हेगस मज्जातंतू कापल्याची खूण. ‘बिलरोथ दोन’ किंवा ‘पोल्या’ लिहिलेलं असेल, तर जठराचा भागही काढला आहे. कार्डाचा मोबाइलवर फोटो घ्यावा आणि बेंगळुरूच्या मुलाला, पुण्याच्या मुलीला पाठवून ठेवावा. नव्या बायपासवाल्यांनी आपल्या ऑपरेशनचा सविस्तर कागद मागून घ्यावा, जोड एक की दोन, आतडं किती सेंटिमीटर वगळलं, हे त्यात असतं. कार्ड नाहीच मिळालं, तर एंडोस्कोपीच्या टेबलावर झोपण्याआधी पोटावरचा वण डॉक्टरांना दाखवायचा. मग दुर्बीण जठरात शिरली, की ते एका दाराऐवजी दुसरंही शोधतात. पायलोरसचं गोल तोंड एकीकडे आणि त्यापासून थोडं दूर, हिरवं पित्त झिरपणारं दुसरं, आत दोन वाटा फुटलेलं.